पिशवी कुणाच्या हातात?

'घरून पिशवी आणा, पैसे वाचवा.' किराणा दुकानात, मोठ्या मॉलच्या दारावर, महानगरपालिकेच्या रंगवलेल्या भिंतींवर हा संदेश आता आपल्या ओळखीचा झाला आहे. त्याच्या शेजारी बहुतेक वेळा एक चित्र असते आणि त्या चित्रात बाई असते. साडी नेसलेली, हसतमुख, हातात कापडी पिशवी घेतलेली. पिशवी घेऊन निघालेला पुरुष अशा चित्रात क्वचितच दिसतो. जणू प्लॅस्टिकचा प्रश्न हा बाईच्या विसरभोळेपणाचा प्रश्न आहे आणि तिने जरा लक्षात ठेवले की तो सुटणार आहे.

विषय दिसायला किरकोळ आहे. मासिकाची पाने खर्च करावीत असे त्यात काय, असेही कुणाला वाटेल. पण बाईच्या आयुष्यातले पुष्कळसे प्रश्न असेच किरकोळ म्हणून बाजूला पडलेले असतात. पिशवीच्या मागे पैसा आहे, श्रम आहेत, कायदा आहे आणि कचराही आहे. यातले काय कुणाच्या वाट्याला येते, ते पाहायला हवे. घरून पिशवी न्यावी, बाटली न्यावी, डबा न्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ही पिशवी लक्षात कुणी ठेवायची, तिच्यामुळे वाचलेला पैसा कुणाकडे जातो आणि ती विसरली तर दंड कुणाला होतो?

कचरा आपल्या दारात आला तेव्हा

चिकलठाण्यातल्या बायकांना हा प्रश्न पुस्तकात वाचावा लागत नाही. जालना रस्त्यावरचे हे जुने गाव शहराने केव्हाच पोटात घेतले. आज इथे विमानतळ आहे, औद्योगिक वसाहत आहे, मॉल आहे, आठवडी बाजार आहे आणि सुखना नदीही आहे. वसाहतीला लागूनच नारेगाव आहे. तिथे तीस वर्षांहून अधिक काळ साऱ्या शहराचा कचरा टाकला जात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव, मांडकी परिसरातल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. आमचे पाणी नासले, जमीन नासली, आता बस, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर कित्येक आठवडे शहरात चौकाचौकांत कचऱ्याचे ढीग साचले. महापालिका दुसऱ्या जागा शोधू लागली, तेव्हा त्या त्या भागातले लोक रस्त्यावर उतरले. मार्चमध्ये मिटमिट्याला दगडफेक झाली, लाठीमार झाला.

या संकटानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी या चार ठिकाणी कचऱ्यावर प्रक्रिया करणारी केंद्रे उभी करायचे ठरले. चिकलठाण्याचे केंद्र दिवसाला १५० टन कचऱ्यासाठी बांधले गेले. म्हणजे नारेगावच्या लोकांनी ज्याला नकार दिला, त्याचा काही भाग आपल्या वाट्याला आला.

कचरा निवडण्याच्या कामात सगळ्यांत जास्त डोकेदुखी पातळ कॅरीबॅगची असते. बाटली, डबा, जाड प्लॅस्टिक यांना भंगारात भाव मिळतो, म्हणून कचरावेचक बाई ते उचलते. ओले खरकटे भरून गाठ मारलेली पातळ पिशवी कुणी विकत घेत नाही. ती हाताने फाडावी लागते, आतले बाहेर काढावे लागते. हे काम करणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, ती अशाच बायकांच्या श्रमाला काम म्हणून मान्यता मिळावी यासाठी. आपण बाजारातून एक कॅरीबॅग आणतो तेव्हा तिचा शेवट कुठल्या तरी बाईच्या बोटांशी होणार असतो.

कायदा आला, तो कुणावर पडला?

महाराष्ट्राला प्लॅस्टिकबंदी नवी नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबई बुडाली, नाले तुंबले, त्यानंतर २००६ मध्ये राज्याने पन्नास मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. केंद्राने २०११ च्या नियमांत सांगितले की दुकानदाराने प्लॅस्टिकची पिशवी फुकट देऊ नये. २०१६ चे नियम तर असे होते की ज्या दुकानदाराला किंवा फेरीवाल्याला प्लॅस्टिक पिशवी द्यायची असेल, त्याने स्थानिक संस्थेकडे वर्षाला किमान अठ्ठेचाळीस हजार रुपये भरून नोंदणी करावी. टोपलीत मेथीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या बाईने अठ्ठेचाळीस हजार रुपये भरावेत! असा नियम लिहिणारा माणूस कधी भाजीबाजारात गेला असेल असे वाटत नाही. २०१८ मध्ये ही तरतूद काढून टाकली गेली.

त्याच वर्षी, २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने बंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. हातात धरायच्या सगळ्या प्लॅस्टिक पिशव्या, थर्मोकोलची ताटे, वाट्या, पेले त्यात आले. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. कारवाई सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत किराणा मालाच्या जाड प्लॅस्टिकमधल्या पॅकिंगला काही अटींवर सूट मिळाली. दुकानदारांच्या संघटना होत्या, त्यांनी मुंबईत जाऊन आपले म्हणणे मांडले. पाथारीवर बसणाऱ्या बाईची संघटना कुठे आहे? पुढे केंद्रानेही १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर बंदी आणली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग देशभर बेकायदा ठरली.

तरीही बाजारात पिशव्या आहेतच. त्या आकाशातून पडत नाहीत. कुठल्या तरी कारखान्यात बनतात, टेम्पोतून येतात, ठोक विक्रेत्याच्या गोदामात उतरतात. तपासणी पथक बाजारात येते तेव्हा मात्र सापडते ती भाजीवाली. कारण ती उघड्यावर बसलेली असते आणि तिला शटर ओढून घेता येत नाही. तिचा त्या दिवसाचा सगळा माल विकला तरी पाच हजार रुपये उभे राहत नाहीत. आदल्या दिवशी व्याजाने पैसे घेऊन तिने माल उचललेला असेल, तर त्या दंडाचे व्याजही तिनेच फेडायचे.

पैसे वाचतात, पण कुणाचे?

'पैसे वाचवा' या शब्दांकडे आता जरा बारकाईने पाहू. घरून पिशवी नेल्याने प्रत्येक ठिकाणी सारखेच पैसे वाचत नाहीत. आपल्या बचत गटांना हिशोबाची सवय आहे, म्हणून हिशोबच मांडू.

मोठ्या दुकानात बिल करताना पिशवीचे दहा रुपये वेगळे लावले जातात. आठवड्यातून दोनदा असे झाले तर वर्षाचे एक हजार चाळीस रुपये होतात. दोन मुलांच्या वह्या येतील एवढी ही रक्कम आहे. इथे पिशवी नेली तर पैसे सरळ आपले वाचतात.

पाण्याच्या बाटलीचेही तसेच. वीस रुपयांची बाटली आठवड्यातून दोनदा घेतली तर वर्षाला दोन हजार ऐंशी रुपये. घरून बाटली भरून नेणे हा सगळ्यांत मोठा वाचणारा पैसा आहे. पण आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि पिण्याचे पाणी अनेक घरे जारने विकत घेतात. तेव्हा ती बाटली अगदी फुकट भरते असे समजू नये.

मिठाईच्या दुकानात तर डबा नेलाच पाहिजे. खोक्यासकट वजन करून मिठाईच्या भावाने पुठ्ठा विकण्याची पद्धत अजून सर्रास आहे. खोके पन्नास ग्रॅमचे असेल आणि पेढ्याचा भाव किलोला सहाशे रुपये असेल, तर आपण त्या पुठ्ठ्याला तीस रुपये मोजतो. खोक्याचे वजन धरून माल देणे हे वजनमापाच्या कायद्यात बसत नाही. वैधमापन शास्त्र विभागाकडे त्याची तक्रार करता येते. दिवाळीत, राखीला, मुलाच्या निकालाला आपण किती खोकी आणतो ते आठवून पाहा. स्टीलचा डबा काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायला सांगायचे आणि मग माल घालायला लावायचा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

हॉटेलातून भाजी-रोटी आणताना पार्सलच्या डब्याचे पैसे वेगळे घेतात, तेही आपल्या डब्याने वाचतात.

चहाचे मात्र वेगळे आहे. परदेशी पद्धतीच्या काही कॉफी दुकानांत स्वतःचा मग नेला तर थोडी सूट देतात. आपल्या टपरीवर कागदी कपातला चहा आणि काचेच्या पेल्यातला चहा एकाच भावाने मिळतो. कंपनीत स्वतःचा स्टीलचा पेला नेणाऱ्या बाईचा एक पैसाही वाचत नाही. तिने पेला न्यावा तो वेगळ्या कारणासाठी. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की अशा कपात शंभर मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटे राहिले, तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण उतरतात. पाळीत तीन वेळा चहा घेणाऱ्या कामगार बाईला हे ठाऊक असायला हवे.

आता भाजीबाजार. इथे पिशवी नेली तर आपला काहीच पैसा वाचत नाही, कारण कॅरीबॅग आपल्याला फुकट मिळते. पण ती भाजीवालीला फुकट मिळत नाही. ती बंडल विकत आणते. समजा, एक पिशवी तिला चाळीस पैशांना पडली आणि दिवसाला दीडशे पिशव्या गेल्या, तर रोजचे साठ रुपये झाले. महिन्यात पंचवीस दिवस धंदा केला तर दीड हजार. पाव किलो मिरचीला वेगळी पिशवी, दहा रुपयांच्या कोथिंबिरीला वेगळी, लिंबाला वेगळी, अशी मागणी आपण करतो तेव्हा तिच्या नफ्यातून आपण आपली सोय करून घेत असतो. नाही म्हणावे तर गिऱ्हाईक शेजारच्या पाथारीवर जाते, म्हणून ती नाही म्हणत नाही.

म्हणूनच मला वाटते की 'पैसे वाचवा' या घोषणेत अर्धेच सांगितले आहे. मॉलमध्ये पिशवी नेणे ही आपली बचत आहे. बाजारात पिशवी नेणे ही दुसऱ्या एका कष्टकरी बाईची बचत आहे, आणि तिच्या डोक्यावरची दंडाची टांगती तलवारही त्याने दूर होते. घासाघीस करून तिच्याकडून दोन रुपये कमी करून घेण्यात आपल्याला जे समाधान मिळते, त्यापेक्षा हे समाधान नक्कीच मोठे आहे.

ज्यांनी कधी पिशवी मागितलीच नाही

घरून भांडे, थैली नेण्याची सवय लावायची म्हणजे लोकांना काही तरी नवे शिकवायचे आहे, असा एक सूर या प्रचारात असतो. आपल्या वस्त्यांत फिरले तर काय दिसते? रेशन दुकानात एरवी कुणी कुणाला पिशवी देत नाही. गहू-तांदूळ घ्यायला बाई घरची गोणी, थैली घेऊनच रांगेत उभी राहते. गिरणीवर दळणाचा डबा जातो आणि त्याच डब्यात पीठ परत येते. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळवून, रद्दीवाल्याला किलोवर घालणारी बाईच असते. साडी विटली की तिची वाकळ होते, वाकळीतून उरलेल्या तुकड्याची थैली होते, थैली फाटली की पायपुसणे होते. गरीब घरातल्या बाईने ही काटकसर कुठल्या मोहिमेतून शिकलेली नाही. तिच्याजवळ दुसरा मार्ग नव्हता.

याच बाईला बाजारात मात्र सगळ्यांत जास्त प्लॅस्टिक विकत घ्यावे लागते. रोजच्या हातावर पोट असलेल्या घरात किलोने साखर, लिटरने तेल, बाटलीने शाम्पू येत नाही. दोन रुपयांची शाम्पूची पुडी, पाच रुपयांचा चहाचा पुडा, दहा रुपयांची तेलाची थैली असे सामान येते. घरचे भांडे घेऊन सुटे तेल आणावे म्हटले, तर भेसळीच्या भीतीने सुट्या खाद्यतेलाच्या विक्रीवर कायद्याने निर्बंध आहेत, आणि ते कारणही खोटे नाही. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने कित्येकांचे जीव गेले होते. तेव्हा छोट्या पुड्यांचा हा ढीग गरीब बाईच्या बेशिस्तीतून आलेला नाही. तिच्या मजुरीच्या मापाने माल बांधून विकणाऱ्या कंपन्यांकडून तो आलेला आहे. तिला कापडी पिशवीचा उपदेश करण्याआधी या कंपन्यांना त्यांच्या रिकाम्या पुड्या परत घ्यायला लावणे जास्त रास्त ठरेल. २०१८ च्या अधिसूचनेत दुधाच्या रिकाम्या पिशवीला किमान पन्नास पैसे परतीचा भाव देण्याची तरतूद होती. ती कागदावर होती तशी दुकानात उतरली असती, तर धुऊन वाळवणाऱ्या बाईच्या श्रमाला निदान काही दाम मिळाला असता.

लक्षात ठेवणे हेही कामच आहे

कॅरीबॅग आली त्याआधी बाजारहाट हे ठरवून करायचे काम होते. काय आणायचे, किती आणायचे, कोणती पिशवी न्यायची, दुधाची किटली धुतली आहे का, हे सगळे कुणी तरी डोक्यात बाळगायचे. घराघरांत ते 'कुणी तरी' म्हणजे बाई होती. कॅरीबॅगने हा विचार संपवला. पुरुष कंपनीतून सुटला, वाटेत गाडी थांबवली, हँडलला चार पिशव्या अडकवल्या आणि घरी आला. पुरुषांना बाजार करायची सवय लागली त्यात कॅरीबॅगचा वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे. आता पिशवी बंद म्हटल्यावर कित्येक घरांत संवाद असा होतो : 'तू पिशवी दिली नाहीस, म्हणून मी भाजी आणली नाही.' बाजार करण्याचे श्रमही बाईकडे परत आले आणि पिशवी न दिल्याचा दोषही.

आणि बाईला तरी पिशवी जवळ बाळगणे सोपे आहे का? चिकलठाणा वसाहतीत ठेकेदारीवर काम करणारी बाई सकाळी डबा भरून, मुलांचे आवरून निघते. गेटवर तिची पर्स तपासली जाते. सुटल्यावर अंधार पडायच्या आत बाजार उरकून घर गाठायचे असते. तिच्या दृष्टीने भाजीवालीची पिशवी ही चैन नव्हती, दिवसातली पाच मिनिटे वाचवणारी मदत होती. ती मदत आपण काढून घेतो आहोत, तर तिचा भार दुसरे कोण उचलणार हेही आपण सांगितले पाहिजे.

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे सांगतात की बिनपगारी घरकामात भाग घेणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला २८९ मिनिटे देतात आणि पुरुष ८८ मिनिटे. पिशव्या धुणे, वाळवणे, घडी करून जागच्या जागी ठेवणे, डबे घासणे, बाटल्या भरणे ही नवी कामे आपोआप या २८९ मिनिटांत जाऊन बसतील. पर्यावरण वाचवण्याची सगळी मिनिटे एकाच बाजूच्या खात्यावर पडणार असतील, तर त्याला न्याय म्हणता येणार नाही.

पिशवी शिवणारे हात

बंदी आली की दुसरी घोषणा होते : महिला बचत गटांना कापडी पिशव्या शिवायचे काम देऊ. काम मिळते याचा आनंद आहे. पण काही गोष्टी आधीच ठरवून घ्याव्या लागतात. कापड, दोरा, वीज, शिलाई यंत्राची झीज, बाईचा वेळ हे सगळे धरून पिशवीचा भाव काढला पाहिजे. 'घरबसल्या करता, त्यात काय एवढे' असे म्हणून शिलाई पाडून मागणारे पुष्कळ भेटतात. घरबसल्या केलेले कामही कामच असते. शंभर पिशव्यांची मागणी नोंदवून नंतर चाळीसच उचलणारी संस्था असेल, तर उरलेल्या साठ पिशव्या कुणाच्या गळ्यात पडतात? म्हणून मागणी लेखी घ्यावी, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी.

बाजारात कापडासारखी दिसणारी, रंगीत, पातळ पिशवी मिळते, तिच्यापासून सावध राहावे. ती कापडाची नसते, पॉलिप्रॉपिलिन या प्लॅस्टिकचीच असते. नीट पाहिले तर तिच्यात उभे-आडवे धागे दिसत नाहीत. दोनचार वेळा वापरली की तिचे भुरे पडतात. हातमागावर किंवा यंत्रमागावर विणलेले ते कापड, एवढी साधी ओळख लक्षात ठेवावी.

नव्या सुती पिशव्या ढिगाने शिवून वाटणे हाही उपाय नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये पिशव्यांचा जन्मापासून शेवटापर्यंतचा हिशोब काढला. साध्या प्लॅस्टिक पिशवीच्या तुलनेत सुती पिशवी फायद्याची ठरायला हवामानाचा निकष धरला तर किमान ५२ वेळा वापरावी लागते, आणि पाणी, खते यांसह सगळे निकष धरले तर सुमारे ७,१०० वेळा. आपण कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्यात राहतो. कापसाला किती पाणी, किती फवारणी लागते ते आपल्याला शेतात दिसते. तेव्हा प्रत्येक कार्यक्रमात छापील सुती पिशवी वाटून ती कपाटात रचून ठेवण्यात काही शहाणपण नाही. जुन्या साडीची, चादरीची, सदऱ्याची पिशवी सगळ्यांत बरी, कारण तिच्यासाठी नवे कापड लागलेले नाही. आणि एकदा शिवली की ती फाटेपर्यंत वापरायची.

काय मागायचे, काय करायचे

आयर्लंडने २००२ मध्ये प्रत्येक प्लॅस्टिक पिशवीवर पंधरा सेंट कर बसवला, तेव्हा पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. तो पैसा पर्यावरणासाठीच्या निधीत गेला. आपल्याकडे मोठी दुकाने पिशवीचे पैसे घेतात, पण ते त्यांच्याच गल्ल्यात जातात. वर पिशवीवर दुकानाची जाहिरात छापलेली असते, म्हणजे जाहिरात त्यांची, पैसे आपले आणि फिरवणारे हातही आपले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की आधी ठळकपणे न कळवता बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पिशवीला पैसे पडणार असतील तर ते दाराशीच लिहिलेले असले पाहिजे. तसे नसेल तर आपण विचारायचे. मागे रांग लागली आहे म्हणून गप्प बसायचे नाही.

तामिळनाडूने २०२१ च्या डिसेंबरात पिवळ्या कापडी पिशवीची जुनी चाल परत आणण्याची मोहीम सुरू केली आणि चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात दहा रुपयांत पिशवी देणारे यंत्र बसवले. आपल्या आठवडी बाजाराला यंत्राचीही गरज नाही. बाजाराच्या तोंडाशी बचत गटाची एक पाथारी असावी. वीस रुपये अनामत ठेवून कापडी पिशवी न्यावी, पुढच्या बाजारी परत केली की अठरा रुपये परत मिळावेत. दोन रुपये धुण्याचे आणि बसणाऱ्या बाईच्या मजुरीचे. पिशवी विसरलेली कामगार बाई रिकाम्या हाताने जाणार नाही आणि भाजीवालीला कॅरीबॅग ठेवावी लागणार नाही. महापालिकेने या पाथारीला जागा द्यावी आणि तिचे भाडे घेऊ नये, एवढीच मागणी आहे. कचरा उचलण्यावर आणि निवडण्यावर होणाऱ्या खर्चापुढे ही जागा काहीच नाही.

दुसरी मागणी कारवाईबद्दल. पथकाने आधी कारखाना आणि गोदाम गाठावे. पाथारीवाल्या बाईकडे पिशव्या सापडल्या तर त्या कुठून आल्या हे विचारावे आणि दंडाची पावती तिथे फाडावी.

आणि घरात? पिशवीची खुंटी स्वयंपाकघरात नको, दाराजवळ किल्ल्यांच्या शेजारी हवी. एक घडीची पिशवी मोटारसायकलच्या डिकीत, एक मुलाच्या दप्तरात, एक मुलीच्या, एक सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात. मुलगा क्रिकेट खेळायला निघाला की त्याची बाटली त्यानेच भरायची आणि आल्यावर त्यानेच धुवायची. पेढे आणायला जाणाऱ्याने डबा स्वतः काढून न्यायचा. 'पिशवी कुठे आहे' हा प्रश्न घरातल्या बाईला विचारायचा नाही, असा नियम करून पाहा. पहिले काही दिवस भाजी येणार नाही. येऊ नये. वरण-भात खाऊन दिवस काढता येतो.

आणि या सगळ्यातून जे काही वाचेल, ते घरखर्चात विरघळू देऊ नका. दुकानात न दिलेले दहा रुपये, खोक्यात न घातलेले तीस रुपये वेगळे बाजूला ठेवा, गटाच्या पासबुकात आपल्या नावावर भरा. बाईच्या काटकसरीचे कौतुक पुष्कळ झाले. त्या काटकसरीचे पैसे आता तिच्या खात्यावर दिसायला हवेत.